काळा चौकोन आणि त्याची कड



काळ्या चौकोनात काय डोंबल बघायचं, असं मागं कुणीतरी पुटपुटलं. ठीक आहे. चित्र म्हटलं की आपल्याला माणूस लागतो, त्याची भूक लागते, त्याचा राग लागतो. पण जरा दमानं घ्या.

डिसेंबर १९१५. रशियातलं पेट्रोग्राड. महायुद्ध चालू, झार अजून गादीवर. काझिमीर मालेविचनं एका प्रदर्शनात ३९ चित्रं लावली. बाप साखर कारखान्यात कामाला, पोरगं युक्रेनमध्ये वाढलेलं. त्यातलं एक चित्र म्हणजे पांढऱ्यावर काळा चौकोन. सुमारे ८० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. बस्स.

आणि टांगला कुठं? खोलीच्या कोपऱ्यात, वर छताजवळ. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असायची. आत येणारा आधी तिच्यापुढं वाकायचा. पठ्ठ्यानं देव उचलला अन् तिथं चौकोन ठेवला! अलेक्झांद्र बेन्वासारखा बडा समीक्षक चवताळला. चित्र त्याला नेमकं कळलं होतं.

१९१९ साली मालेविच व्हितेब्स्कच्या कलाशाळेत गेला. १९२० साली तिथं 'उनोविस' हा गट उभा राहिला. पोरं बाहीवर काळा चौकोन शिवून हिंडायची. त्याच काळात एल लिसित्स्कीनं पोस्टर केलं: लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसलीय. लाल म्हणजे क्रांतीची फौज, पांढरे म्हणजे प्रतिक्रांतिवाले. अक्षरं झाकली तरी कळतं, कोण कुणाला फोडतंय.

पुढं सत्तेलाच नव्या तसबिरी लागल्या. १९३० साली मालेविचला पकडून चौकशा झाल्या. १९३५ साली तो गेला. अंत्ययात्रेच्या ट्रकवर पुढं काळा चौकोन होता. मूळ चित्र मात्र कित्येक दशकं गोदामात पडून राहिलं.

आता मला बोचतं ते सांगतो. २०१५ साली मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीनं चित्राची क्ष-किरण तपासणी जाहीर केली. काळ्याखाली आधीची दोन रंगीत चित्रं निघाली. पांढऱ्या कडेवर पुसट अक्षरं सापडली. संशोधकांनी ती अशी लावली: अंधाऱ्या गुहेत काळ्या माणसांची लढाई. हा पॅरिसचा जुना विनोद. आल्फोन्स आलेनं १८९७ साली नुसता काळा आयत छापून खाली असंच काही लिहिलं होतं. अक्षरं मालेविचची की दुसऱ्या कुणाची, यावर वाद आहे. पण ज्या चौकोनानं देव हटवला, त्याच्याच कडेला काळ्या माणसाची टिंगल!

म्हणून कुणी 'शुद्ध आकार' म्हणून काही पुढं केलं, तर हात जोडू नका. कड तपासा. कोपरा रिकामा करायची हिंमत मात्र मालेविचकडून जरूर घ्या.

आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात मालेविचलाही बसवू नका.