संगणकाच्या घरी आलेला पाहुणा
(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारा शिक्षक. संगणकशास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी लिनक्स शिकण्याची मला हौस आली. घरच्या संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवावे म्हणून मी डिस्कचे भाग पाडायला बसलो आणि घाईत भलताच भाग पुसून टाकला. दोष यंत्राचा नव्हता, लिनक्सचाही नव्हता, माझाच होता. सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि घटक चाचण्या गेल्या. माझ्या एका सहकाऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेल्या उर्दूच्या प्रश्नपत्रिकाही त्यांच्याबरोबर गेल्या. दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. त्यांनी मला एका शब्दानेही बोलले नाही, आणि तेच मला जास्त लागले.

पुढे कळले की हे धाडस करण्याची गरजच नव्हती. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक भासमान रूपाने चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मूळ संगणक हा यजमान आणि आतला तो पाहुणा. पाहुण्याची सगळी डिस्क ही यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाईल असते. पाहुण्याने आपल्या खोलीत कितीही पसारा केला, तरी यजमानाचे कपाट उघडत नाही. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. घरगुती संगणकावर ही सोय १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणली.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, हे आम्हाला कशाला? तर ऐका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे जुने संगणक त्यात बसत नाहीत. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते. पण आपले उर्दूचे टंकलेखन वर्षानुवर्षे इनपेजमध्ये झाले आणि मराठीचे श्रीलिपीत. ही दोन्ही आपण विंडोजवरच वापरत आलो. त्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये नाहीत. दुसरीकडे उघडल्या तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणजे विंडोज सोडावे तर आयुष्याची मेहनत बंद पडते आणि न सोडावे तर यंत्र असुरक्षित होते. या पेचातून पाहुणा वाट काढतो. नवे काम लिनक्सवर युनिकोडमध्ये करावे आणि जुन्या फाईलींसाठी आपल्या परवान्याचे जुने विंडोज पाहुणा म्हणून ठेवावे.

आता सॉफ्टवेअर कोणते निवडावे? पहिले व्हर्च्युअलबॉक्स. हे २००७ साली खुले झाले, २००८ मध्ये सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. ते मोफत आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर सारखेच चालते. त्याच्या एक्स्टेंशन पॅकचा परवाना मात्र वेगळा आहे. शाळेत बसवण्यापूर्वी तो वाचावा. दुसरे व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. पूर्वी ते विकत घ्यावे लागे. ब्रॉडकॉमने २०२३ साली ती कंपनी घेतली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते सर्वांना मोफत केले. पडद्यावरची चित्रे ते अधिक सफाईने दाखवते, पण उतरवून घेण्यासाठी कंपनीकडे खाते उघडावे लागते. तिसरे हायपर-व्ही. ते विंडोजच्या प्रो आवृत्तीत असते, होम आवृत्तीत नसते. आणि घरोघरी बहुधा होमच असते. चौथे केव्हीएम. हे २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वेगाला उत्तम, पण यजमान लिनक्सच हवा.

माझे मत विचाराल तर नवशिक्याने व्हर्च्युअलबॉक्सपासून सुरुवात करावी. कारण एवढेच की, आज विंडोजवर तयार केलेला पाहुणा उद्या यजमान बदलून लिनक्स केला तरी तसाच उचलून नेता येतो. लिनक्सवर हात बसल्यावर केव्हीएमकडे खुशाल वळावे.

परंतु सॉफ्टवेअरच्या आधी आपले यंत्र पाहा. स्मृती म्हणजे रॅम आठ जीबी असेल तर पाहुण्याला तीन-चार द्यावी. चारच जीबी असेल तर हा नाद करू नये. यजमान आणि पाहुणा दोघेही उपाशी राहतील. डिस्कवर पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी हवी. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहावे. नसेल तर बायोसमध्ये चालू करावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसले, तर हायपर-व्ही आड येत आहे आणि काम मंद होणार, असे समजावे. श्रीलिपीच्या जुन्या प्रतीला यूएसबीचे कुलूप असेल, तर ते पाहुण्याला ओळखू येते का, हे आधी तपासावे.

जुन्या विंडोजला आता नेहमीप्रमाणे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून त्या पाहुण्याचे इंटरनेट बंदच ठेवावे. प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट घ्यावा. बिघडले तर एका क्लिकमध्ये मागे जाता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्कच गेली तर यजमान आणि पाहुणा एकत्रच जातात. म्हणून कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असलीच पाहिजे. आणि पालकांना एक विनंती. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर ऐन परीक्षेच्या दिवसांत हे प्रयोग करू नका. दिवाळीची सुट्टी त्यासाठी बरी.

मी स्वतः दीड महिना लिनक्सला पाहुणा ठेवले. चुका केल्या, मोडले, पुन्हा बसवले. विंडोजमधल्या एकाही फाईलला धक्का लागला नाही. हात बसल्यावर जागा बदलल्या. आज माझ्या घरी लिनक्स यजमान आहे आणि विंडोज पाहुणा. माझ्या त्या सहकाऱ्यांना मी घरी बोलावले. त्यांच्याजवळ उरलेल्या छापील प्रश्नपत्रिकांवरून आम्ही दोघे मिळून पुन्हा टंकलेखन करीत आहोत, या वेळी युनिकोडमध्ये. सात वर्षांपैकी तीन वर्षांचे झाले आहे. प्रत दोघांकडेही आहे.

जे माझ्या हातून गेले ते आपल्यापैकी कोणाचे जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.