भूपती, केन आणि शेजार



मार्च १९४२मध्ये डचांनी जावा बेटावर शरणागती पत्करली. जपान्यांनी त्या वसाहतीचे तीन वाटे केले. जावा सोळाव्या सैन्याकडे, सुमात्रा पंचविसाव्याकडे, पूर्वेकडची बेटे आरमाराकडे. मी आज जावाविषयीच बोलणार आहे, तेही शब्दांच्या अंगाने.

ऑगस्टमध्ये डचांचे प्रांत मोडले आणि १७ ‘शू’ झाले. त्यांखाली जिल्ह्याला ‘केन’, अगदी तळाशी गावाला ‘कू’. तिथल्या जिल्ह्याचा प्रमुख ‘बुपाती’, म्हणजे आपला भूपती; आता तो ‘केनचो’ झाला. गावाला शब्द होता ‘देसा’, आपलाच देश. (एका गावाला देश म्हणायचे? पण देशमुखांचा ‘देश’ तरी केवढा, एका परगण्याएवढाच ना!)

डच भाषेवर बंदी आली. जपानी रातोरात शिकवता येईना, म्हणून कचेऱ्यांत इंडोनेशियन शिरली. परिभाषेसाठी समितीही त्याच वर्षी नेमली गेली. भाषेचा माणूस म्हणून मला याचा आनंद व्हायला हवा. होत नाही. त्याच कचेऱ्यांनी, त्याच भाषेत, भाताची सक्तीची वसुली केली आणि गावोगावची माणसे वेठीला धाडली.

१९४४मध्ये १० ते २० घरांचे शेजारगट बांधले, ‘तोनारीगुमी’. वाटप त्यांच्यामार्फत, पाळतही त्यांच्याचमार्फत.

१९४५नंतर शू, केन, कू गेले. बुपाती आणि देसा परतले. शेजारगट मात्र ‘रुकुन तेतांगा’ या देशी नावाने आजही चालू आहे.