आणणारा कुत्रा आणि पाळणारा माणूस



ज्या व्यासपीठावरून आपण गेला आठवडाभर इतिहास, अर्थकारण आणि काव्य ह्यांवरील विद्वानांची भाषणे ऐकलीत, त्याच व्यासपीठावर आज मी कुत्र्यांविषयी बोलावयास उभा आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी तो जरा भीतभीतच सांगितला. ते म्हणाले, “आमच्या सोसायटीत बारा कुत्री आहेत आणि त्यांच्यावरून तेरा भांडणे आहेत. तुम्ही अवश्य बोला.” तेव्हा आजच्या भाषणाची जबाबदारी निम्मी माझी आणि निम्मी चिटणिसांची, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

मी पशुवैद्य नव्हे. सारा जन्म शाळामास्तरकीत गेला. मात्र गेली सत्तावीस वर्षे आमच्या घरात कुत्रा आहे. पहिली लॅब्रॅडॉर जातीची काळी कुत्री, नंतर एक गोल्डन रिट्रीव्हर, आणि आता मुलीने आणलेला, ज्याला लॅब्रॅडूडल म्हणतात असा कुरळ्या केसांचा एक संकरित गृहस्थ. ह्या तिघांनी मला जे शिकविले आणि ज्या चुका मी त्यांच्या जिवावर केल्या, त्यांचा हिशेब आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

आधी ह्या कुत्र्यांचे कुळ पाहू. रिट्रीव्हर ह्या शब्दाचा अर्थच ‘परत आणणारा’. शिकाऱ्याने पक्षी पाडावा आणि कुत्र्याने तो झुडपातून, चिखलातून किंवा पाण्यातून अलगद तोंडात धरून, दात न लावता, आणून द्यावा, ह्या एका कामासाठी विलायतेत ही जात घडविली गेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील, पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ म्हणून ओळखले गेलेल्या जमीनदाराने 1865 साली नूस नावाचा एक पिवळा रिट्रीव्हर घेतला. 1868 मध्ये त्याची जोडी बेल नावाच्या पाणस्पॅनियल कुत्रीशी लावली. तिला चार पिवळी पिल्ले झाली. आजच्या गोल्डन रिट्रीव्हरचे मूळ त्या चार पिल्लांत आहे. लॅब्रॅडॉरचे नाव लॅब्रॅडॉरचे असले तरी त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. गार समुद्रात उड्या घेणारे, पाणी न धरणाऱ्या दाट केसांचे ते कुत्रे होते.

पूडलला आपण नटवा समजतो. वस्तुतः तोही पाण्यातला मजूरच. जर्मन भाषेतील त्याच्या नावाचा संबंध पाण्यात डुंबण्याशी आहे. त्याचे केस जागोजाग भादरून छातीवर आणि सांध्यांवर गोंडे राखण्याची जी पद्धत आपल्याला नखरेल वाटते, तीही मुळात कामाची होती. पोहताना अंग हलके राहावे आणि सांधे व छाती उबदार राहावी, हा तिचा उद्देश. पुढे शोभा राहिली आणि कारण विसरले गेले. असे माणसांच्या रूढींतही पुष्कळदा घडते!

ह्या दोन कुळांची सोयरीक प्रसिद्धीस आली ती ऑस्ट्रेलियात. हवाई बेटांवरील एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, परंतु त्यांच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होत असे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वॉली कॉनरन ह्या गृहस्थांनी, ते तेथील अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होते, पूडल आणि लॅब्रॅडॉर ह्यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांतला सुलतान नावाचा कुत्रा त्या पतीला मानवला आणि कामगिरीवर गेला. परंतु उरलेल्या संकरित पिल्लांना घर द्यावयास कोणी पुढे येईना. तेव्हा कॉनरननी त्यांना ‘लॅब्रॅडूडल’ हे नाव दिले, आणि मग मागणी थांबेना. 2019 साली ह्याच गृहस्थांनी आपल्या ह्या उद्योगाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. कारण कुत्र्याच्या प्रकृतीचा विचार न करता पैशासाठी वाटेल तसे संकर करणारे लोक त्यांच्यामागून उभे राहिले होते.

आज विकणारा सांगतो, “ह्याचे केस गळत नाहीत, ह्याची ॲलर्जी होत नाही.” ह्यावर विसंबून राहू नये. त्रास मुख्यतः केसाने होत नाही. कुत्र्याची लाळ आणि कातडीचा कोंडा ह्यांतील प्रथिनांनी होतो. 2012 साली हॉलंडमधील संशोधकांनी तपासले, तेव्हा अशा ‘निर्धोक’ म्हणविल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत ते प्रथिन कमी नव्हते, उलट जास्तच आढळले. आणि त्यांच्या घरांतील हवेतही काही फरक दिसला नाही. तेव्हा ज्याच्या घरी दम्याचा माणूस आहे, त्याने आधी त्या विशिष्ट कुत्र्याच्या सहवासात चार वेळा तासन्‌तास बसून पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.

मित्रहो, कामासाठी घडविलेला प्राणी आपण घरात आणला, त्याचे काम काढून घेतले, आणि त्याला सोफ्यापाशी बसविले. ह्यातून आपल्यावर तीन ऋणे येतात. पहिले फणीचे, दुसरे शब्दाचे आणि तिसरे पायांचे.

प्रथम फणी. रिट्रीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब राठ केस आणि खाली मऊ लोकर. ही लोकर वर्षातून दोनदा विशेष गळते. लॅब्रॅडॉरला आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश पुरतो. गोल्डनला एक दिवसाआड हवा, आणि कानांमागे, मांड्यांच्या मागे व शेपटीखाली फणी फिरली पाहिजे, कारण गुंता तेथेच दडतो. उन्हाळा आला की कित्येक लोक कळवळ्याने अशा कुत्र्याचे मुंडण करून टाकतात. तसे करू नये. तो केसांचा थर उन्हापासून कातडीचे रक्षणही करतो. आतली मेलेली लोकर विंचरून काढली की वारा लागतो, तेवढे पुरे.

पूडलच्या संकराची गोष्ट निराळी. त्याचा गळू घातलेला केस जमिनीवर पडत नाही, तो शेजारच्या केसांतच अडकतो. म्हणजे जो कचरा आपण झाडूने काढला असता तो त्याच्या अंगावरच साठतो. वरवर ब्रश मारला की कुत्रा छान दिसतो आणि खाली कातडीलगत नमदा तयार होतो. तो नमदा कातडी ओढतो, ओल धरतो, आणि खाली जखमा होतात. म्हणून रोज, केसांचा एकेक पट्टा उचलून, मुळापासून टोकापर्यंत धातूची फणी निघाली पाहिजे. पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात त्या वयात, म्हणजे साधारण वर्षाच्या आगेमागे, गुंता फार होतो. त्या दिवसांत विशेष जपावे. दर सहा-आठ आठवड्यांनी कातरणे आलेच. आणि एक लक्षात ठेवावे: आधी विंचरणे, मग आंघोळ. गुंत्यावर पाणी पडले की तो आवळतो. आंघोळीनंतर लोंबते कान आतून कोरडे करावेत, पावसाळ्यात तर फारच. फणी फिरवता फिरवता बोटांनी गोचिडी शोधावी, कारण गोचिडीचा ताप आपल्याकडे कित्येक कुत्र्यांचा घास घेतो. फरशीवर नखांची टकटक ऐकू आली की नखे वाढली असे समजावे.

आता शब्द, म्हणजे शिक्षण. आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. म्हण खरी, पण तिचा अर्थ आपण उलटा घेतो. शेपूट सरळ करण्याचा उद्योग मुळात करावाच का? रिट्रीव्हरचे पिल्लू दिसेल ते तोंडात धरते. चप्पल, पायमोजा, आजोबांचा चष्मा. तो त्याचा अपराध नव्हे, कुळधर्म आहे. त्याला मारले तर ते चप्पल घेऊन पलंगाखाली जाईल. त्यापेक्षा जवळ बोलवावे, हातातला खाऊ दाखवावा, वस्तू सुटली की “सोड” म्हणावे आणि खाऊ द्यावा. चार दिवसांत ते चप्पल आपण होऊन आणून देऊ लागते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वभावाशी झगडण्याऐवजी त्याला कामाला लावणे, ह्यालाच मी शिक्षण म्हणतो. चाळीस मुलांच्या वर्गात मला हे उशिरा कळले. कुत्र्याने लवकर शिकविले.

तीन गोष्टी मात्र पाळाव्यात. शाबासकी त्याच क्षणी द्यावी. मिनिटभराने दिलेला खाऊ कशाचा हे त्याला समजत नाही. घरात एका कामाला एकच शब्द असावा. आमच्याकडे मी “बस” म्हणे, आई “खाली बस गं” म्हणे आणि मुलगी “सिट” म्हणे. बिचारी कुत्री तिघांकडे पाहून शेवटी आडवी होई. आणि “ये” म्हणून बोलावल्यावर कधीही रागवू नये. बोलावून मारले की पुढच्या खेपेस, रस्त्यात मोटार समोर असताना, ती येणार नाही.

पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेते. ह्या काळात रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुले, छत्री उघडणारा माणूस हे सर्व त्याला सावकाश, न भिवविता दाखवावे. लसी पुऱ्या झाल्या नसतील तर कडेवर घेऊन दाखवावे.

खाऊचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपणा सर्वांना प्रिय आहे. ती भूतदयेची कथा आहे. लॅब्रॅडॉरच्या आहाराचा तो कोष्टक नव्हे! 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना असे दिसले, की सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भागच गळालेला असतो, आणि त्यांचे लक्ष सतत अन्नाकडे असते. म्हणून त्याच्या डोळ्यांतील करुणेवर विश्वास ठेवू नये, मापावर ठेवावा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ प्रयोगात 48 लॅब्रॅडॉर होते. निम्म्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. ते सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. शिकविताना दिलेला खाऊ रोजच्या मापातूनच वजा करावा. आणि कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही तर विषेच समजावीत.

तिसरे ऋण पायांचे. मोठ्या रिट्रीव्हरला दोन्ही वेळचे मिळून दीड-दोन तास चालणे, पळणे किंवा पोहणे हवे. पिल्लाला मात्र थोडथोडे. हाडे भरेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, जिन्यावरून उड्या आणि सायकलीमागे पळणे नको, कारण ह्या जातीत खुब्याचे दुखणे पुष्कळ आढळते. केवळ पाय दमून भागत नाही. त्याला हुंगू द्यावे, वस्तू लपवून शोधावयास सांगावे. दहा मिनिटांच्या शोधाने जे समाधान त्याला मिळते ते शंभरदा चेंडू फेकून मिळत नाही.

येथे मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा गोल्डन, सोन्या, चार वर्षांचा होता. एप्रिल महिना, वार्षिक परीक्षांचे पेपर तपासावयाचे होते. सकाळी मी उठलो नाही. दहा वाजता, कर्तव्य उरकावे म्हणून, त्याला घेऊन निघालो. तो सावलीकडे ओढू लागला. मला वाटले, आळस करतो आहे. मी पट्टा ओढला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि ध्यानात असणे ह्यांत अंतर आहे. परतताना तो रस्त्यातच कोसळला. एका भाजीवाल्या मावशींनी आपली पाण्याची बादली त्याच्या अंगावर ओतली. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या सकाळी त्याच्यासाठी योग्य असे जे काही झाले ते त्या बाईंनीच केले. आधी पाणी ओतून अंग थंड करावे, मग दवाखाना गाठावा. तिसऱ्या दिवशी सोन्या गेला.

तेव्हापासून मी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून पाहतो. ती काही क्षणही ठेववत नसेल तर ती वेळ फिरण्याची नव्हे. उन्हाळ्यात उजाडण्यापूर्वी आणि दिवेलागणीनंतर उशिराच.

आपल्या देशात 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. कुत्र्याला नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवून त्याला वाजवी व्यायाम न देणे, हा त्यात स्पष्टपणे गुन्हा मानला आहे. उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हाही आहे. तरीही केसांचा नमदा झालेला एखादा महागडा कुत्रा पुलाखाली सापडतोच. त्याला आणताना फोटो पाहिला होता, फणी पाहिली नव्हती.

म्हणून कुत्रा आणण्यापूर्वी घरात बसून तीन प्रश्न विचारावेत. रोज विंचरणार कोण? एका शब्दाला एक होऊन शिकविणार कोण? आणि मे महिन्यात पहाटे पाचला उठणार कोण? तिन्हींना नाव मिळाले तर खुशाल आणा. न मिळाले तर आणू नका. आणि वेळ थोडा पण माया पुष्कळ असेल, तर दारातल्या गावठी पिल्लाकडे जरूर पाहा. चालणे आणि शिकणे त्यालाही हवेच, पण त्याचे आखूड केस आपल्या हवेला मानवतात आणि फणीचे ऋण तरी हलके होते.

महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिराने, आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल ठेवावयाचे नाकारले. आपल्यापुढे एवढी कठीण परीक्षा नाही. आपल्याला स्वर्ग सोडावयाचा नाही, सकाळची तासाभराची झोप सोडावयाची आहे. माझ्याने ती एकदा सुटली नाही. आपल्याने सुटावी, एवढीच प्रार्थना.