शाळेची इमारत : ऊन, वारा आणि अभ्यास



शिक्षणाचा विषय निघाला की आपण शिक्षक, पुस्तके, शिष्यवृत्ती आणि परीक्षा यांबद्दल बोलतो. मूल ज्या खोलीत बसून शिकते, त्या खोलीचा विचार क्वचितच होतो. आज आम्ही त्या खोलीविषयी चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या मराठवाड्यात उन्हाळा लागला की शाळा सकाळी भरवावी लागते. दुपारी पत्र्याची धग सरळ मुलांच्या डोक्यावर उतरते. पावसाळ्यात त्याच पत्र्याच्या आवाजात गुरुजींचा शब्द ऐकू येत नाही. अमेरिकेतील सुमारे १ कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शाळेत वातानुकूलन नसेल, तर वर्ष १ अंश फॅरनहाइटने अधिक तापताच त्या वर्षीचे शिकणे सुमारे १ टक्क्याने घटते, असे त्यात आढळले. अधिक नुकसान झाले ते काळ्या व इतर अल्पसंख्य समाजांतील मुलांचे. ऊन सर्वांवर सारखेच पडते. छप्पर मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही.

वातानुकूलन आपल्या शाळांना परवडणारे नाही. म्हणून हे काम इमारतीनेच केले पाहिजे. अजिंठ्याच्या विहारांत भर उन्हाळ्यात गारवा असतो, तो जाड खडकामुळे. आपल्या गावांतील जुन्या माळवदाची घरेही जाड भिंती आणि वरच्या मातीच्या थरामुळे थंड राहत.

नवी खोली बांधताना तिच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे ठेवाव्यात. दक्षिणेचे ऊन वरून येते, त्याला छज्जा अडवतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या भिंती आखूड असाव्यात, त्यांत खिडक्या कमी असाव्यात आणि पश्चिमेस कडुनिंब लावावा. खिडक्या समोरासमोर हव्यात. मुले जमिनीवर बसत असतील तर खिडकी खाली घ्यावी, म्हणजे वारा त्यांच्या अंगाला लागेल. वर झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या शांत उजेडात फळा चांगला दिसतो. स्लॅबवर विटकोबा आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत.

ज्यांच्याकडे पत्र्याच्याच खोल्या आहेत, त्यांनीही निराश होऊ नये. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा, खाली छत लावावे आणि मधल्या पोकळीतील हवेला वाट ठेवावी.

विजेचा विचार यानंतर करावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीचा सुमारे ३० वॅट. एका वर्गात ४ पंखे धरले तर ३०० वॅटऐवजी १२० वॅटमध्ये भागते आणि सौर पॅनेलही लहान पुरते. पाण्याचाही हिशेब असाच आहे. १०० चौरस मीटर छतावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६०,००० लिटर पाणी पडते. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना या आकड्याचे मोल सांगावे लागणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्या परिसराला आपण नागसेनवन म्हणतो. विद्येच्या जागेला वनाचे नाव आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमची विनंती एवढीच. गावात शाळेची खोली किंवा अभ्यासिका मंजूर झाली, की पायाची फक्की मारण्यापूर्वी चार जाणत्यांनी एकत्र बसावे. ऊन कोठून येते, वारा कोठून येतो, हे पाहावे. कमानीवर आणि रंगरंगोटीवर खर्च होणारा पैसा आधी छपराकडे वळवावा. दिशा बरोबर ठेवायला जादा पैसा लागत नाही. चुकली तर मात्र पुढची पन्नास वर्षे मुले तिचा ताप सोसतात. ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, त्याला निदान शाळेत तरी डोके शांत ठेवून वाचता आले पाहिजे.