छत्रीबागेतील चौथरा आणि लंबरेषांचा चढ



इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडी छत्र्या आहेत. अशा वास्तूचा सारा तोल चौथऱ्यावर असतो. चौथऱ्याचा कोपरा काटकोनात नसेल, तर वरच्या खांबांवरील कोरीव काम कितीही नाजूक असो, वास्तू डोळ्यांना खटकते. गवंडी काटकोन गुणियाने तपासतो. परंतु गुणिया हातभर लांबीचा. आठ-नऊ मीटर दूर गेलेल्या बाजूचे टोक नेमके कोठे पडले, हे त्यावरून उमगत नाही. डागडुजीपूर्वी नकाशा काढावा, तर चौथऱ्याच्या बाजू दिशांना धरून असतीलच असे नाही. येथे निर्देशक भूमिती साहाय्यास येते.

उदाहरणादाखल एक चौथरा कल्पावा. कोपरा (१, १), एका बाजूचे टोक (९, ५), दुसऱ्या बाजूचे (-२, ७), अंतरे मीटरमध्ये. पहिली बाजू पूर्वेकडे ८ आणि उत्तरेकडे ४ सरकते, म्हणून तिचा चढ १/२. दुसरी पश्चिमेकडे ३ व उत्तरेकडे ६ सरकते. तिचा चढ उणे २. (मध्य प्रदेशातील हिंदी पुस्तकांत चढाला 'प्रवणता' म्हणतात, 'चढ' हा शब्द अधिक बोलका वाटतो.) दोन्ही चढांचा गुणाकार उणे १ आला, म्हणजे बाजू परस्परांस लंब आहेत.

हा नियम विद्यार्थी पाठ करतात आणि नेमके उणे चिन्ह विसरतात, कारण त्यामागील हालचाल त्यांना कोणी दाखविलेली नसते. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी व कर्ण अशी नावे आहेत. तीच येथे घ्यावीत. पहिल्या बाजूचा भुज ८, कोटी ४. ही बाजू कोपऱ्याभोवती डावीकडे पाव फेरा फिरविली, की पूर्वेकडील ८ उत्तरेकडे वळतात आणि उत्तरेकडील ४ पश्चिमेकडे जातात. भुजाची कोटी झाली, कोटीचा भुज झाला, पण उलट दिशेचा. म्हणून अपूर्णांक उलटतो आणि चिन्हही पालटते.

एक अडचण उरते. सरळ उत्तरेकडे जाणाऱ्या रेषेचा भुज शून्य असतो. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिला चढच नाही. अशा वेळी भुजांचा गुणाकार आणि कोटींचा गुणाकार यांची बेरीज करावी. ती शून्य आली की काटकोन. वरील चौथऱ्यात उणे २४ आणि २४ मिळून शून्य होते.

आता दुसरे टोक (-२, ७) ऐवजी (-२, ६.५) येथे, म्हणजे अर्धाच मीटर अलीकडे, पडले असे समजा. बेरीज उणे २ येते आणि कोपरा सुमारे ९२ अंशांचा होतो. एवढा फरक कोपऱ्याशी उभे राहून सहसा ध्यानात येत नाही. समोरची बाजू जुळविण्याची वेळ आली की अर्ध्या मीटरचा तिढा उभा राहतो. म्हणून ही बेरीज चुन्याची रेघ ओढतानाच करावयाची असते.