‘सुरत’ : एका विशेषणाची कथा



विशेषण हे नामाचा गुण सांगते, असे शाळेत शिकविले जाते. परंतु एखाद्या गावाचे नावच विशेषण बनून परभाषेत जाते, तेव्हा त्या गावच्या मालाची पत त्यात कायमची नोंदली जाते. सुरतेच्या बाबतीत असेच घडले.

गुजरातेत ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ भाग्याचे मानतात. इंग्रजीत मात्र गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ‘सुरत’ या शब्दाला ‘हलके, भेसळीचे’ असा अर्थ प्राप्त झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसावर अवलंबून राहावे लागले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथून मुंबईमार्गे जाणारा हा सारा कापूस तिकडे ‘सुरत’ याच नावाने ओळखला जाई. त्याचा धागा आखूड; यंत्रे लांब धाग्यासाठी जुळविलेली. सूत वारंवार तुटे आणि कामगाराची मजुरी बुडे. त्यातच गाठींमध्ये सरकी, माती व कचरा निघे. या शब्दाची नाचक्की एवढी झाली, की आपणास ‘सुरत’ दारू गाळणारे म्हटले, म्हणून १८६३ साली इंग्लंडमधील मद्य-उत्पादकांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली! त्याच वर्षी मुंबई सरकारने कापसातील लबाडीस आळा घालणारा कायदा केला.

आखूड धागा हा वाणाचा गुणधर्म होता. त्यात शेतकऱ्याचा अपराध नव्हता. भेसळ मात्र माणसाने केलेली होती. ती कोणी एकाने केली, तरी बट्टा साऱ्या मुलखाला लागला. प्रामाणिक शेतकऱ्याचा कापूसही त्याच नावाने विकला गेला.

या कथेचा उत्तरार्ध मात्र सुखद आहे. १९७० साली सुरतेच्याच कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा लांब धाग्याचा वाण सिद्ध केला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातील पहिला संकरित कापूस होय. ज्या नावाला कलंक लागला, त्याच नावाला विज्ञानाने प्रतिष्ठा दिली.

चांगले वाण देणे हे शास्त्रज्ञांचे काम. कोरडा कापूस वेचणे, कवडी वेगळी ठेवणे आणि गाठीत कचरा जाऊ न देणे हे शेतकरी, व्यापारी व जिनिंगवाले या सर्वांचे काम आहे. आपल्या गावाचे नाव उद्या विशेषण झालेच, तर त्याचा अर्थ काय असावा, हे आजच्या वेचणीवर ठरणार आहे.