बॅटरीतलं पाणी कुठं जातं?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला इथं माझ्याहून जाणती माणसं बसली आहेत. मी बोलणार आहे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. हसू नका. ऐन वापशाच्या दिवशी ज्याचा ट्रॅक्टर धक्का मारूनही सुरू झाला नाही, तो हसणार नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. बॅटरीखालचा पत्रा सडून गेला होता, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला होता. मी म्हटलं, जुनी झाली, गळणारच. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. घेतली. आठ महिन्यांत नवीही गळू लागली. तेव्हा कळलं, की चोर बॅटरीत नाही, ट्रॅक्टरमध्ये आहे.

बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेलं गंधकाचं ॲसिड. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरतो आणि किती दाबानं भरायची ते रेग्युलेटर ठरवतो. आपले मिस्त्री त्यालाच कटाऊट म्हणतात. कटाऊट नीट असेल तर इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. माझ्या ट्रॅक्टरला मीटर लावला तर १५.६! इतक्या दाबानं आतलं पाणी फुटून त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, बॅटरी उकळल्यासारखी बुडबुडते आणि बुचाच्या छिद्रातून ॲसिडचे तुषार बाहेर पडतात. कटाऊट बदलला, गळती थांबली. बॅटरीच्या मानानं कटाऊट किरकोळ पैशांत येतो. एक बॅटरी मी फुकट घालवली, तुम्ही घालवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी वारंवार पाणी मागणारी बॅटरी दिसली, की आधी मीटर लावा.

दुसरा चोर आपला हात. पाणी टाकताना आपण काठोकाठ टाकतो; रांजण भरायची सवय! पण बॅटरी भरताना आणि तापताना आतला द्रव फुगतो. वैशाखात आपल्याकडं पारा ४५ ला टेकतो, त्यात बॉनेटखालची गरमी. मग जादा भरलेलं बाहेर येणारच, आणि येताना ॲसिड घेऊन येणार. वरच्या रेघेपर्यंतच भरा. रेघ नसेल तर प्लेटांच्या वर १० मिलिमीटर पुरे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच टाका, बाकीचं चार्ज झाल्यावर. पाणी डिस्टिल्डच, आपल्या विहिरीचं पाणी क्षाराचं, ते प्लेटा खातं. आणि कमी झालं म्हणून वरून ॲसिड ओतायचं नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ट्रॅक्टर उलटून किंवा बॅटरी कलंडून ॲसिड सांडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं हायड्रोमीटरवाल्याकडं जा.

आता रस्ते. काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर पावसाळ्यानंतर जी चाकोरी वाळते, तिच्यात ढिली बॅटरी लाह्यांसारखी उडते आणि तळाला चीर जाते. पट्टी घट्ट हवी, पण प्लास्टिक वाकेल इतकी आवळू नका. बुचाचं छिद्र धुळीनं किंवा ग्रीसनं बुजलं असेल तर वायूला वाट राहत नाही, झाकणाचा जोड फुटतो. छिद्र काडीनं मोकळं करा, मात्र काडी पेटवू नका. पाणी किती आहे ते बघायला काडी ओढणारे बहाद्दर आपल्यात आहेत. आत हायड्रोजन असतो, बॅटरी तोंडावर फुटते.

क्लँप बसत नाही म्हणून हातोडी मारली, की टर्मिनलच्या बुडाची सील फुटते आणि ॲसिड तिथून वर झिरपतं. माझ्या पुतण्यानं हेच केलं आणि थेंब डोळ्यात उडाला. नशीब, शेजारी पाण्याचा ड्रम होता. वीस मिनिटं डोळ्यावर धार धरली, मगच त्याला दवाखान्यात नेलं. नजर वाचली. हळद, दूध, लोणी काही लावू नका. फक्त पाणी, आणि तेही लगेच. कपड्याचं म्हणाल तर आपल्या कापसाचं आणि ॲसिडचं जुनं वैर आहे. धोतरावर उडालेला थेंब दिसत नाही; धुतल्यावर भोक दिसतं.

साफ करताना बुचं बंद ठेवा. काळी वायर आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. तांब्याभर पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून टर्मिनलवर ओता. फेस थांबला की ॲसिड मेलं. पाण्यानं धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन चोपडा.

बायाबापड्यांच्या पाठीवर हल्ली फवारणीचा बॅटरीपंप असतो. त्यातल्या पुष्कळांत शिशाचीच बंद बॅटरी असते. चार्जर आपोआप बंद होणारा नसेल तर रात्रभर लावून झोपू नका, ती फुगते. फुगलेली बॅटरी पाठीवर घ्यायची नाही. आणि कुठलीही जुनी बॅटरी फोडून ॲसिड बांधावर ओतू नका, त्यात शिसं असतं. बॅटरीवाल्यालाच परत द्या, भंगाराचे पैसे मिळतात.

मीटर मी बरोबर आणला आहे. ज्यांनी ट्रॅक्टर किंवा जीप आणली असेल, त्यांनी जेवणानंतर मांडवामागं इंजिन चालू करून ठेवा. एकेक बघून घेऊ.